पान एकसष्ट आणि योन्काबाई

योन्का त्सानेवा आणि मी सव्वीस वर्षं एका खोलीत, समोरासमोर टेबलं लावून बसलो. एवढा वेळ मी माझ्या बायकोसमोरही बसलेलो नाही. हे वाक्य मी बायकोच्या देखत लिहितो आहे, तेव्हा त्यात कुणी भलतंसलतं शोधायला जाऊ नये.

खोली आमच्या गणित संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर लिंडनची झाडं. त्यापलीकडे उतार आणि उताराखाली डॅन्यूब. खिडकीचा कट्टा निम्मा माझा आणि निम्मा तिचा, असं १९७३ साली ठरलं होतं. पण मार्च उजाडला की सगळा कट्टा तिचा व्हायचा. दह्याच्या रिकाम्या बरण्यांत ती टोमॅटोची रोपं लावायची आणि वारा सुटला की त्यातली माती माझ्या कागदांवर.

“योन्का, तुझ्या टोमॅटोंनी माझ्या समीकरणांची वाट लावली.”

“तुझ्या समीकरणांना खताची गरजच आहे, ल्यूबेन. वाढतच नाहीत बिचारी.”

मी डिफरन्शियल इक्वेशन्सवाला, ती बीजगणितवाली. आमच्यात हे चालायचंच.

तिचे वडील दोब्रुजातल्या एका खेड्यात गाड्यांची चाकं करायचे. चाक झालं की ते त्याला खडूची खूण करून गरगर फिरवायचे आणि खूण कुठे डुगडुगते ते बघायचे. योन्का पाचव्या वर्षी ते बघत बसलेली असायची, तिथून ती गणितात आली, असं ती सांगायची. मला हे फारसं पटत नाही. आमच्या देशात अर्ध्या लोकांचे बाप चाकं करायचे आणि त्यांची मुलं ट्रॅक्टरवर गेली. पण एवढं खरं, की तिचा जन्मभराचा विषय फिरवाफिरवीचाच होता.

तो विषय मला जेवढा समजला तेवढा सांगतो. सव्वीस वर्षं ऐकलाय, न समजून जातो कुठे! एखाद्या बाणाची लांबी न बदलता त्याला फिरवायच्या जेवढ्या तऱ्हा असतात, त्या सगळ्यांचा मिळून एक गट होतो. आपल्या तीन मितींच्या जगातला एक, चार मितींतला दुसरा, पाचांतला तिसरा, असे ते वाढतच जातात. योन्काचे गट संमिश्र संख्यांतले होते. तिथे आणखी गंमत असते: काही बाणांची लांबी मोजली तर शून्य भरते, आणि बाण मात्र शून्य नसतो. “आपल्या संस्थेच्या कौन्सिलात असे चार-पाच आहेत,” असं ती म्हणायची.

आता प्रश्न असा, की या गटाच्या पोटात लहान गट कोणते? साधेसुधे पोटगट पोत्याने सापडतात. पण एखादा पोटगट असा असतो की मोठ्या गटातल्या कुणीही त्याला कुठूनही उलटापालटा केला तरी तो जसाच्या तसा राहतो. त्याला नॉर्मल म्हणतात. असा पोटगट असला की मोठ्या गटाचे तुकडे पाडता येतात. नसला तर तो गट अखंड. तीन मितींतला गट अखंड आहे, पाचांतला आहे. सहांतलाही, सगळे बाण एकदम उलटे करणारी एक क्रिया बाजूला ठेवली तर अखंडच. पुढे कितीही जा, हेच. फक्त मध्ये एक चार येतात, आणि चारांतल्या गटाचे सरळ दोन तुकडे पडतात.

हे ती असं शिकवायची की आमच्यासारखे दुसऱ्या शाखेचे लोकही दाराशी थांबायचे. “समजलं का?” असं तिने कधी कुणाला विचारलं नाही. सिद्धता लिहून झाली की खडू पोराच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “आता मोडून दाखव. यातली कुठली अट काढली तर घर कोसळतं?” पोरं रडकुंडीला यायची. पण तिच्या हाताखालून गेलेला पोरगा पुढे शाळामास्तर झाला काय नि साखर कारखान्यात लागला काय, समोरचा माणूस थापा मारतोय हे त्याला तिसऱ्या वाक्याला कळायचं. अशी माणसं तिने शेकड्यांनी तयार केली. मी पन्नासही केली नसतील, हे मी मोकळेपणाने सांगतो.

आणि एवढं असून बाई मुख्य असिस्टंटच. १९६७ला डॉक्टरेट झाली, आणि १९८१ उजाडलं तरी दोत्सेंट नाही. दोत्सेंट म्हणजे प्रोफेसरच्या खालची पायरी. ती चढल्याशिवाय स्वतःचा व्याख्यानाचा विषय मिळत नाही, स्वतःचे डॉक्टरेटचे विद्यार्थी घेता येत नाहीत. तिच्यामागून आलेला मी दोत्सेंट होऊन कौन्सिलात जाऊन बसलो होतो. कारणं अशी की एकदा जागा नव्हती, एकदा जागा होती पण ती कुणाच्या तरी जावयाची होती, आणि एकदा ती आजारी आईला घेऊन खेड्यात गेली होती. ती कुरकुरली नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चांगली कुरकुरायची.

“मला पाटी नकोय दारावर,” एकदा म्हणाली. “मला दोन विद्यार्थी हवेत, स्वतःचे. पाच-सहा वर्षं घेऊन बसायला. माझ्या डोक्यात जे आहे ते कुणाच्या तरी डोक्यात ठेवून जायचंय. पाटीचं काय चाटायचंय?”

शेवटी १९८१च्या वसंतात तिची फाइल पुढे सरकली. तिच्या कामावर अभिप्राय लिहायचा होता राजधानी सोफियाच्या प्रोफेसर गेरोव यांनी, आणि कौन्सिलचं गुप्त मतदान होतं जूनच्या शेवटच्या आठवड्यात. अकरा सभासद, आणि आठ मतं हवीत. तेच गेरोव त्या जूनमध्ये आमच्याकडे राज्य परीक्षेचे, म्हणजे पदवीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेचे, अध्यक्ष म्हणून यायचे होते. त्यामुळे त्या महिन्यात बाईंनी कसं बसावं, कसं बोलावं, याचे सल्ले सगळी संस्था देत होती. मीही दिले. तिने एकही घेतला नाही.

आता पान एकसष्टकडे वळायला हवं.

आमचे हारालान सर, बीजगणिताचे जुने प्रोफेसर, यांच्या व्याख्यानांच्या नोट्स १९६४ साली स्टेन्सिलवर निघाल्या. तेव्हा योन्का सत्तावीस वर्षांची. मजकूर टाइप करायचा, आणि मोकळ्या सोडलेल्या जागांत सूत्रं टोकदार लेखणीने मेणाच्या कागदावर कोरायची, हे सगळं तिच्याकडे. स्टेन्सिल मिळाले होते मोजून एकशे वीस. सरांनी तीन मितींची सिद्धता वेगळी लिहिली होती, पाच आणि पुढच्या मितींची वेगळी, आणि चारांचा किस्सा शेवटी दीड पानात. साठाव्या पानापर्यंतच दोन स्टेन्सिल फाटले, आणि उरलेले पुरणार नाहीत हे दिसू लागलं. जागा वाचवायला बसली, तर तिच्या मनात आलं की तीनांचं झालंय, पुढचं सगळं एकाच सिद्धतेत बसतं की! दीड पान वाचलं. पान एकसष्टवर तिने लिहिलं, “तिनाहून मोठ्या प्रत्येक मितीत गट अखंड असतो.” काटकसरीपायी चार गेले. आणि वर तिला आपण सरांची सिद्धता सुबक केली असं वाटलं. सुबकपणाचा हा रोग फक्त आमच्या धंद्यातल्या माणसांनाच होतो.

दोन वर्षांनी स्वतःच्या प्रबंधावर काम करताना तिचं तिलाच कळलं. धावत सरांकडे गेली. सर हसले आणि म्हणाले, “दुसऱ्या आवृत्तीत बघू, पोरी.” दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. मग तिने ग्रंथालयातली एकेक प्रत काढून शाईने दुरुस्त केली, आणि दर ऑक्टोबरला पहिल्याच तासाला वर्गात सांगायची, “पान एकसष्ट उघडा, तिथे चूक आहे, चार वगळा.” पण वसतिगृहात थोरल्यांकडून धाकट्यांकडे जाणाऱ्या प्रती असतात, त्यांच्यापर्यंत कोण पोचणार? १९७९ला सर वारले. मुखपृष्ठावर नाव त्यांचं एकट्याचं होतं. आतलं एकसष्टावं पान कुणाचं, हे संस्थेत तिला आणि मला माहीत होतं.

देल्चो मुताफोव हा त्या वर्षीचा विद्यार्थी. विद्यार्थी म्हणायचं इतकंच, चांगला सव्वीस वर्षांचा घोडा होता. बाप गेल्यावर घर याच्यावर पडलं, म्हणून वर्षातले सहा महिने जर्दाळूच्या बागांत कामाला. तासांना निम्मा वेळ गैरहजर. राज्य परीक्षेत दोनदा आपटला होता, आणि तिसऱ्यांदा आपटला की डिप्लोमा कायमचा गेला. एका खेड्यातल्या शाळेने त्याच्यासाठी गणिताच्या मास्तरची जागा सप्टेंबरपर्यंत धरून ठेवली होती.

परीक्षेच्या दिवशी त्याची आजी पहाटेच्या बसने तांब्याची कळशी घेऊन आली. कामाला निघालेल्याच्या वाटेवर पाणी ओतलं की काम पाण्यासारखं वाहतं, अशी आमची समजूत. म्हातारीने वसतिगृहाच्या पायरीपासून संस्थेच्या दारापर्यंत सगळी कळशी रिकामी केली. रखवालदार त्यावरून घसरून बसला आणि ओरडला, “आजीबाई, नातू पास व्हायच्या आधी मला गाडाल!”

“ऊठ ऊठ, काही होत नाही,” म्हातारी म्हणाली. “दुसऱ्यांदा मी जरा कमी ओतलं होतं, म्हणून तर नापास झाला.”

आत टेबलावर हिरवं कापड, त्यावर पालथ्या घातलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या, आणि विद्यार्थ्यांनी आणलेले पिओनीचे गुच्छ बादलीत. परीक्षक आम्ही तिघे: मध्ये गेरोव, डावीकडे मी, उजवीकडे टिपण घ्यायला योन्का. गेरोव म्हणजे उंच, कोरडा, न हसणारा माणूस. सकाळपासून त्याने चौघांना घाम फोडला होता. गुण सहापैकी असतात, दोन म्हणजे नापास. त्यातल्या दोघांना त्याने दोन दिले होते.

देल्चोने चिठ्ठी उचलली. विषय होता संमिश्र संख्यांवरचे लांबी राखणारे गट आणि त्यांचे नॉर्मल पोटगट. योन्काचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला, कारण हे त्याला येणार याची तिला खात्री होती.

आणि आलंही. मोठे पंजे, त्यात खडू काडीसारखा. पण बोलला छान. तीन मितींची सिद्धता त्याने न अडखळता केली. मग म्हणाला, “तिनाहून मोठ्या प्रत्येक मितीत असंच.” आणि पुढे लिहू लागला.

“प्रत्येक?” गेरोव म्हणाले.

“प्रत्येक, प्रोफेसरसाहेब.”

“चारसुद्धा?”

“चारसुद्धा.”

“कुठे वाचलंत?”

देल्चोने बोटांवरची खडूची पूड पँटला पुसली. त्याला ते पान तोंडपाठ होतं, हे त्याच्या शब्दाशब्दावरून मला कळत होतं. पण वारलेल्या माणसाच्या पुस्तकाकडे बोट दाखवायला त्याची जीभ रेटेना. खाली मान घालून उभा राहिला.

“चारांचा अपवाद दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतो,” गेरोव म्हणाले आणि पेन उचललं. “बसा. दोन.” मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, “की हे हारालाननेच असं लिहून ठेवलंय? म्हातारा शेवटी शेवटी फार ढिला झाला होता म्हणे.”

मी समोरची परीक्षार्थींची यादी वाचू लागलो. मला वाटलं, योन्का म्हणेल की वर्गात दर वर्षी दुरुस्ती सांगितली जाते, हा गैरहजर होता. ते खरंही होतं. एवढं म्हणाली असती तरी तिच्यावर काही येत नव्हतं.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला, चांगला जोरात. तिने पाय काढून घेतला आणि उभी राहिली.

“देल्चो, पान एकसष्ट?”

“हो, बाई,” तो पुटपुटला.

“प्रोफेसरसाहेब, तो दोन त्याचा नाही, माझा आहे. हारालान सरांनी बरोबर लिहिलं होतं. नोट्स मी कोरल्या, चार मी गाळले. सतरा वर्षांपूर्वी. याने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.”

गेरोवनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग देल्चोकडे.

“म्हणजे परीक्षा नक्की कुणाची चाललीय?” गेरोवनी विचारलं.

“माझी. फळ्याशी येऊ?”

मला वाटलं गेरोव रागावतील. त्यांनी नुसता हात केला, या म्हणून.

चव्वेचाळीस वर्षांची बाई, जिची फाइल याच माणसाच्या बॅगेत, ती विद्यार्थ्यासारखी फळ्याशी जाऊन उभी राहिली. देल्चोच्या हातातून तिने खडू घेतला आणि चार आकडे चौकोनात मांडले, दोन वर, दोन खाली. “हा आपला बाण,” ती म्हणाली. “आकडे चार, म्हणून मिती चार. लांबी म्हणून याचा निश्चयक धरायचा: एका तिरक्या जोडीचा गुणाकार, वजा दुसऱ्या तिरक्या जोडीचा. आता निश्चयक एक असलेल्या चौकोनाने याला डावीकडून गुणा. ओळी ढवळल्या जातात, लांबी तीच राहते. उजवीकडून गुणा. स्तंभ ढवळले जातात, लांबी तीच. आणि आधी डावा की आधी उजवा, काही फरक पडत नाही. एका स्वयंपाकघरात दोन जावा, एक फक्त चुलीशी आणि एक फक्त पाटावरवंट्याशी. एकीच्या कामात दुसरीचा हात नाही. सगळा गट या दोघींच्याच कामातून होतो. म्हणजे डावीकडून गुणणाऱ्यांचा एक नॉर्मल पोटगट, उजवीकडून गुणणाऱ्यांचा दुसरा. चारांतलं घर अखंड नाही. दुभंगलेलं आहे.”

सहा मिनिटं लागली. एवढं स्वच्छ गणित मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही. आणि त्याचाच मला रागही येत होता.

मग ती देल्चोकडे वळली. “माझी सिद्धता तुला पाठ आहे. मोडून दाखव. कुठलं वाक्य खोटं?”

गेरोवनी पेन बाजूला ठेवलं.

देल्चोने फळ्याकडे पाहिलं. मग बोटं मोजायला लागला, अगदी जर्दाळूच्या पेट्या मोजाव्यात तशी. “एक फिरवणी एका प्रतलात… म्हणजे दोन दिशा हलल्या. पोटगटातल्या सोबत्याने ती उलटीपालटी केली की दुसरं प्रतल… आणखी दोन. दोन आणि दोन चार. तुम्ही लिहिलंय, एक तरी दिशा न हललेली उरते, तिच्या आधाराने पुढे जायचं. पाच असतील तर एक उरते. सहा असतील तर दोन.” त्याने दुमडलेल्या चार बोटांकडे पाहिलं. “चार असतील तर उरतंय काय, बाई? काहीच नाही उरत.”

“काहीच नाही,” योन्का म्हणाली. “दोन आणि दोन किती, हे मी सत्तावीस वर्षांची असताना चुकले.”

गेरोवनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी पहिला आकडा खोडला आणि पाच लिहिले. “पाठ केलेली सिद्धता उभ्या उभ्या मोडणारे मला सोफियात वर्षाला दोन भेटतात,” ते म्हणाले. “पुढचा कोण आहे?”

बाहेर म्हातारीने आधी देल्चोला मिठी मारली, मग योन्काला आणि मग तिथे कोण उभं होतं ते न बघता रखवालदाराला.

गेरोवचा अभिप्राय आठवड्याने आला. दोन पानं भरून स्तुती होती, आणि त्या माणसाकडून स्तुती म्हणजे दगडाला पाझर. शेवटी एकच वाक्य होतं: “उमेदवाराने एका छापील चुकीची जबाबदारी सार्वजनिक परीक्षेत, कुणी न विचारता, स्वतःवर घेतली, हे मी मुद्दाम नोंदवतो.” त्याने ते कौतुकाने लिहिलं होतं. पण कौन्सिलात ते मोठ्याने वाचलं गेलं आणि माशांना गूळ सापडला.

“सतरा वर्षं गप्प बसल्या की!”

“गेलेल्या माणसाच्या पुस्तकात यांनी आपली चूक घुसडली, आणि आज त्यावर मोठेपणा मिरवतात!”

“सोफियाच्या माणसासमोर संस्थेची अब्रू वेशीवर टांगायची काय गरज होती?”

मी एका शब्दाने मध्ये पडलो नाही. चिठ्ठ्या आल्या. तिच्या नावाची छापील चिठ्ठी, पसंत असेल तर तशीच घडी घालायची, नसेल तर नावावर रेघ ओढायची. आठ हव्या होत्या. सात निघाल्या.

एका मताने गेलं. तिने त्या दिवसासाठी सकाळी उठून दोन मोठे ट्रे भरून बानित्सा, म्हणजे पनीरची पापुद्रेदार पोळी, भाजली होती, कारण ज्याचं भलं झालं त्याने सगळ्यांना खाऊ घालायचं, ही आमची रीत. निकाल ऐकून तिने ट्रेवरचं कापड काढलं. मग म्हणाली, “बानित्सा तुपावर आहे, गार झाली की तोंडात घालवणार नाही. चला, खा.” आणि सगळे बेशरमासारखे खायला बसले.

तिला स्वतःचे विद्यार्थी कधीच मिळाले नाहीत. पुढे दोनदा फाइल निघाली आणि दोनदा बारगळली. नंतर सरकारच बदललं आणि पदांपेक्षा पावाची रांग महत्त्वाची झाली. ती अठरा वर्षं तशीच सरावाचे तास घेत राहिली, पोरांच्या हातात खडू देत राहिली. डोक्यातलं जे कुणाजवळ ठेवून जायचं होतं, ते तिने पंचेचाळीस मिनिटांच्या तुकड्यांनी, मिळेल त्या पोराला वाटून टाकलं.

१९९९ला ती निवृत्त झाली. जुलैत मी तिच्या टेकडीवरच्या बागेत गेलो. ती झाडाखाली जर्दाळू फोडून बिया काढत होती, जॅमसाठी. मी बराच वेळ नदीतल्या पाण्याच्या पातळीबद्दल बोललो.

“ल्यूबेन, तू पाण्याबद्दल बोलायला एवढी टेकडी चढलास?”

“नाही.” आणि मी सांगून टाकलं. “एक्याऐंशी साली तुझ्या नावावर मी रेघ ओढली होती.”

तिची सुरी थांबली नाही.

मला वाटलं, तिने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही म्हणून मीच बोलत सुटलो. माझ्या स्वतःच्या प्रबंधात एक जागा होती. तिथे मी “हे उघडच आहे” असं लिहून पुढे गेलो होतो, आणि ते उघड नव्हतं. मला ते सिद्ध करता आलं नव्हतं. त्याच कागदावर मी दोत्सेंट झालो. त्या दिवशी तिला फळ्याशी उभी पाहिली आणि वाटलं, ही जर असं करूनही वर चढली, तर मग माझ्याकडे काय सबब उरली? भीती वाटली, योन्का. हेवाही वाटला. पेन्सिल हातात होती.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझी रेघ. त्याच संध्याकाळी कळली. अकरा जण होते तुम्ही. बानित्सा खाता खाता दहा जण एकेक करून माझ्या कानाशी आले. ‘योन्का, मी तुला दिलं हं मत.’ दहा! आणि चिठ्ठ्या सात. म्हणजे तिघे माझ्या तोंडावर खोटं बोलले, माझीच बानित्सा तोंडात असताना. तू एकटा आला नाहीस. कॉफीचा कप आणून टेबलावर ठेवलास आणि खिडकीतून बाहेर बघत बसलास.”

मी तिच्यासमोरची एक बी उचलली आणि परत भांड्यात टाकली.

“दोन वर्षं तुझा इतका राग होता की तुझ्या कागदांवर माती मी मुद्दाम पाडायची,” ती म्हणाली. “पूर्ण गेलाय असं आजही म्हणत नाही. पण खोली बदलून मागितली असती, तर कदाचित त्या तिघांपैकी कुणाच्या तरी समोर जाऊन बसावं लागलं असतं. आणि ते कोण, हे मला कधीच कळलं नाही.”

तिने बियांचं भांडं बाजूला सारलं आणि दुसरी सुरी माझ्यापुढे केली. अजून दोन पेट्या फोडायच्या होत्या.